साडेआठची मालिका, साडेदहाला

दिंडोरी तालुक्यातल्या वणीच्या आसपास द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की घराची वेळ बागेच्या ताब्यात जाते. पहाटे दव असतानाच डाऊनी रोगाच्या धास्तीने पानं उलटून बघायची, ऊन तापायच्या आत फवारणी उरकायची, पुढे मणी धरले की विरळणी, डिपिंग, मजुरांचं चहापाणी, आणि संध्याकाळी पुन्हा ब्लोअर. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची असेल, तर जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन मोटारीकडे जायचं. दिवसा 8 तास नाहीतर रात्री 10 तास, हे विजेचं वेळापत्रक शेतकऱ्यांच्या घरात वर्षानुवर्षं पाठ झालेलं आहे. या सगळ्याच्या मधोमध, संध्याकाळी 7 ते रात्री साडेदहा या वेळात, मराठी वाहिन्या आपल्या सर्वांत गाजणाऱ्या मालिका लावतात.

ही वेळ ठरवताना समोर धरलेलं घर सहाला कामावरून सुटतं आणि साताला चहा पिऊन कोचावर बसतं. दिंडोरी तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरात साडेआठला तव्यावर भाकरी असते. जिला ती मालिका मनापासून बघायची असते, तीच तव्यापुढे उभी असते. संवाद कानावर पडतात, चेहरे दिसत नाहीत. मालिकेतली सून दारात थबकली म्हणजे नेमकं काय घडलं, ते दुसऱ्या दिवशी बागेत सोबतच्या बाईला विचारावं लागतं.

म्हणून घरात टीव्ही रेकॉर्ड करणारी पेटी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कोणती, हा प्रश्न वणीसारख्या गावात दिसतो तेवढा किरकोळ नाही. शहरातल्या घरात ती चैनीची वस्तू असेल. इथे तिच्यामुळे घरातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाला स्वतःचा एक तास मिळू शकतो. पेटी निवडताना बाकीचे सगळे मुद्दे या एका गोष्टीच्या मागून यायला हवेत.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं वेळेचा वाद निघालाच नाही, कारण वाहिनी एकच होती आणि कार्यक्रम लागेल तेव्हा बघायचा, एवढंच प्रेक्षकाच्या हाती होतं. ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी साडेनऊला लागायचं, त्यापाठोपाठ ऑक्टोबर 1988 पासून ‘महाभारत’ आलं. गावात मोजके टीव्ही. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीपर्यंत गर्दी. चुकलेला भाग चुकला तो चुकलाच. त्याच सुमारास व्हीसीआर गावोगाव पोचला, पण तो भाड्याने. गणपतीत नाहीतर लग्नघरी रंगीत टीव्हीसकट एका रात्रीसाठी आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे बघायचे. व्हीसीआरवर टीव्हीचा कार्यक्रम टिपून ठेवता येतो, हे फार थोड्या घरांनी अनुभवलं.

पुढे आठवड्याच्या मालिकांची जागा रोजच्या मालिकांनी घेतली, आणि घराच्या वेळेवर खरा ताण तिथून सुरू झाला. 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह. ‘चार दिवस सासूचे’ ही ईटीव्ही मराठीवरची मालिका 2001 ते 2013 अशी चालली आणि तिचे 3000 च्या वर भाग झाले. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’साठी काम आवरून बसणं जमत होतं. रोजचा अर्धा तास, तोही तीन-चार मालिकांचा, कोणत्याही कष्टकरी घराला झेपणारा नाही. मालिका बघणाऱ्या बायकांना बोल लावणारे पुष्कळ भेटतात. दिवसभर घड काढून, पॅकिंग करून, वीस माणसांचा स्वयंपाक करून आलेल्या बाईला अर्धा तास दुसऱ्या कोणाच्या घरात डोकावावंसं वाटलं, तर त्यात बोल लावण्यासारखं काही नाही.

हार्ड डिस्कवर टीव्ही टिपणारी पेटी अमेरिकेत 1999 मध्ये विक्रीला आली. टिवो आणि रिप्लेटीव्ही ही त्या वेळची दोन नावं. भारतात ही सोय घरोघर माहीत झाली ती टाटा स्कायने 2008 मध्ये आणलेल्या ‘टाटा स्काय प्लस’मुळे. चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो आणि घरात कोणी नसतानाही टिपला जातो, हे ऐकून तेव्हा लोक चकित झाले होते.

टाटा स्कायसारख्या छत्रीच्या टीव्हीसाठी वणीला एक नैसर्गिक फायदा आहे. गावाच्या उत्तरेला सप्तशृंगी गड आणि त्याची डोंगररांग. टाटा स्कायची सेवा ज्या इन्सॅट-4ए वरून सुरू झाली, तो उपग्रह विषुववृत्तावर 83 अंश पूर्वेला होता. वणीतून त्या जागेकडे बघायचं तर छत्रीचं तोंड दक्षिणेला, थोडं पूर्वेकडे कललेलं आणि बरंच वर, क्षितिजापासून साठ अंशांहून जास्त. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंशांवर, म्हणजे त्याची छत्री आणखी पूर्वेकडे, आग्नेयेच्या रोखाने. दोन्ही वेळा डोंगर पाठीमागे राहतो. गडाच्या पायथ्याला, डोंगराच्या दक्षिण उतारावर असलेल्या वस्तीलाही सहसा अडचण येत नाही. गच्चीवर छत्री बसवताना बघायची ती शेजारची चिंच, आंबा किंवा नवीन चढलेला मजला.

पाऊस मात्र आडवा येतो. या लहान छत्र्या ज्या केयू बँडवर चालतात, त्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात. जुलैमध्ये धो-धो कोसळायला लागलं की पडद्यावर चौकटी फुटतात आणि सिग्नल जातो. त्या वेळात रेकॉर्डिंग चालू असेल तर फुटकंच टिपलं जातं, कारण पेटीला जे पोचलं तेच तिच्यात उतरणार. छत्री थोडी मोठी घेतली आणि नेमकी रोखली, तर पुष्कळ फरक पडतो. छत्री बसवायला आलेल्या पोराला घाई असते. त्याच्यासमोर उभं राहून सिग्नलची पट्टी जास्तीत जास्त भरेपर्यंत त्याला थांबवून घ्यावं.

त्याच वेळी वायर मोजून घ्यावी. एक कार्यक्रम बघताना दुसरा रेकॉर्ड व्हायला हवा असेल तर पेटीत दोन ट्यूनर लागतात. टाटा स्काय प्लसच्या काळातल्या बहुतेक पेट्यांना त्यासाठी छत्रीपासून दोन स्वतंत्र वायरी आणि छत्रीवर सिग्नल पकडणारा दोन तोंडांचा एलएनबी लागायचा. अनेक घरांत पेटी दोन ट्यूनरची आली, पण गच्चीवरून वायर एकच खाली उतरली. मग सासूबाईंची मालिका टिपायला लावली की नातवाचं कार्टून बंद. घरात भांडण झालं आणि ठपका पेटीवर आला. ज्या घरात टीव्ही एक आणि माणसं सात-आठ, तिथे हार्ड डिस्क केवढी आहे यापेक्षा ट्यूनर किती आणि वायरी किती हे आधी विचारायला हवं.

जागेचा हिशेब सोपा आहे. साध्या चित्राची अर्ध्या तासाची मालिका सुमारे अर्धा जीबी घेते. एचडीला तासाला साधारण 3 जीबी धरावेत, क्रिकेटला थोडे जास्त. 500 जीबीच्या डिस्कवर एचडीचे दीडशेच्या आसपास तास मावतात. रोज चार मालिका, आठवड्याचे सहा दिवस, असं बारा तासांचं रेकॉर्डिंग धरलं तरी तीन महिने जागा पुरते. इतकं साठवून बघायला वेळ कोणाला असतो? द्राक्षाच्या हंगामात तर नाहीच. फार मोठ्या डिस्कसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तेच पैसे छत्री आणि वायरीवर घालावेत.

विजेचं गणित वेगळं आहे आणि गावाला ते जास्त जवळचं आहे. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाला कित्येक तासांचं भारनियमन सोसलं. रेकॉर्डिंगची पेटी पहिल्यांदा आली ती नेमकी त्याच काळात. जी पेटी घरात माणूस नसताना काम करणार, तिला वीज नसेल तर ती काय करणार? ज्यांनी इन्व्हर्टरवर दिवा-पंख्याबरोबर पेटीचीही वायर घेतली, त्यांचंच रेकॉर्डिंग पूर्ण झालं. टीव्ही बंद असला तरी चालतो, पेटी आणि छत्री जिवंत राहिली की पुरे. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात आणि तास-दोन तास अंधार होतो. शिवाय ही पेटी कायम जागी असते. ती सरासरी 15 वॅट खात असेल, तर वर्षाला 131 युनिट होतात. हे बिल पेटीच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा.

मालिकेच्या रेकॉर्डिंगची आणखी एक खोच आहे. पेटी चालते ती वाहिनीने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर. रविवारी महाएपिसोड आला, मालिकेची वेळ आठवरून साडेआठला सरकली, किंवा पुरस्कार सोहळा लांबला, की पत्रिका आणि प्रत्यक्ष यांत फट पडते आणि शेवटची दहा मिनिटं जातात. नेमकी तीच दहा मिनिटं महत्त्वाची असतात. रेकॉर्डिंगला आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटांची पुस्ती जोडता येते का, आणि एकदा सांगितलं की पेटी रोजचा भाग आपणहून टिपते का, हे दोन प्रश्न दुकानात विचारायलाच हवेत.

क्रिकेटचा सामना टिपून ठेवण्यात मजा नाही, हे गावाला लवकर कळलं. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तेव्हा द्राक्षाचा हंगाम शेवटाकडे आला होता. अशा रात्री ज्याला बागेत थांबावं लागतं, त्याला निकाल गावातल्या फटाक्यांवरूनच कळतो. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं तरी त्यातली धाकधूक गेलेली असते. पण तोच माणूस 16 नोव्हेंबर 2013 चं सचिन तेंडुलकरचं निरोपाचं भाषण पुन्हा पुन्हा बघतो. काही गोष्टी निकालासाठी बघायच्या असतात, काही जपण्यासाठी.

नवरात्रात आणि चैत्रात गडावर यात्रा भरते. मग वणीतल्या घरांत पाहुणे असतातच. कोणी पायी निघालेले, कोणी नांदुरीच्या घाटातून उतरून आलेले, कोणी 2018 मध्ये सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीचं कौतुक सांगत बसलेले. समोरच्या खोलीत अंथरुणं पडतात आणि टीव्ही आपोआप पाहुण्यांचा होतो. घरची सून त्या नऊ दिवसांत स्वतःसाठी काही बघेल ही शक्यताच नसते. दसरा झाला, पाहुणे गेले, भांडी-चादरी आवरल्या, की मग ती रात्री साडेदहाला एकामागून एक भाग लावते, जाहिराती पुढे ढकलते आणि अर्ध्या तासाची मालिका वीस-बावीस मिनिटांत संपवते. चार भागांमागे सरासरी अर्धा तास वाचतो. रेकॉर्डरचा उपयोग याहून चांगल्या शब्दांत सांगता येणार नाही.

मात्र त्यासाठी तिला पेटी स्वतः चालवता यायला हवी. बहुतेक घरांत ती घरातला कॉलेजात जाणारा मुलगा लावतो आणि रेकॉर्डिंग म्हणजे त्याची मेहेरबानी होऊन बसते. तो नाशिकला गेला की पेटी मुकी. पडद्यावरची यादी इंग्रजीत, बटणं बारीक, आणि रेकॉर्डिंगपर्यंत पोचायला चार पायऱ्या. दुकानात पेटी बघायला घरातल्या बाईला सोबत न्यावं, रिमोट तिच्या हातात द्यावा आणि तिला काय सापडतं ते बघावं. रेकॉर्ड करायचं लाल बटण ठळक असेल आणि टिपलेल्या कार्यक्रमांची यादी एका बटणावर उघडत असेल, तर ती पेटी घ्यावी. बाकी सगळ्या गुणांत सरस पण तिला न सापडणारी पेटी त्या घरासाठी निरुपयोगी आहे. एक सावधगिरी आणखी: नुसतं ‘डीव्हीआर द्या’ म्हटलं तर आजचा दुकानदार सीसीटीव्हीचा डीव्हीआर काढून ठेवतो, कारण पॅकहाउस आणि गोठ्यासाठी त्याचाच खप आहे. त्याला कॅमेरे जोडता येतात. छत्रीवरून येणाऱ्या वाहिन्या तो टिपत नाही.

आता जपण्याबद्दल. घरी स्वतःसाठी कार्यक्रम टिपणं हा चोरटा उद्योग नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 ने खासगी वापरासाठी, तसंच प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठी केलेल्या अशा रेकॉर्डिंगला मोकळीक दिली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 17 जानेवारी 1984 रोजी सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हेच मान्य केलं, की लागलेला कार्यक्रम आपल्या सोयीने नंतर बघणं हा प्रेक्षकाचा रास्त वापर आहे. कायदा प्रेक्षकाच्या बाजूने आहे. अडसर घालते ती पेटी. डीटीएचच्या पेटीत किंवा तिला जोडलेल्या यूएसबी डिस्कवर जे उतरतं ते कुलूपबंद असतं आणि सहसा त्याच पेटीवर उघडतं. पेटी बिघडली, बदलली, कंपनी सोडली, की सगळं गेलं. बहुतेक ठिकाणी रिचार्ज संपला तरी टिपलेलं बघता येत नाही.

हे नुकसान लहान समजू नये. टेप महाग असल्यामुळे दूरदर्शनने सुरुवातीच्या काळात त्याच त्या टेप पुन्हा वापरल्या आणि त्यात कितीतरी कार्यक्रम पुसले गेले. बीबीसीनेही हेच केलं. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या मालिकेचे 1960 च्या दशकातले अनेक भाग हरवले, पण त्या सगळ्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या एके काळच्या ग्रंथपाल बाईंनी तीस वर्षांहून जास्त काळ बातम्यांचं प्रसारण अखंड टिपलं. 2012 मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे सुमारे 70,000 कॅसेट होत्या. आता त्या इंटरनेट अर्काइव्हकडे आहेत. मोठ्या संस्थांनी टाकून दिलेलं घरातल्या माणसांनी जपलं, असं हे दोनदा घडलेलं आहे.

वणीच्या घरात जपण्यासारखं काय असतं? सह्याद्री वाहिनीवरच्या ‘आमची माती आमची माणसं’मध्ये आलेली एखादी बाग, भुरीवरचा उपाय सांगणारा एखादा तज्ज्ञ, भागातल्या एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत, गडावरच्या उत्सवाची बातमी. आणि इथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. सर्वांत महाग पेटी सर्वांत घट्ट कुलूप लावते. डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या खुल्या पेट्यांपैकी अनेकांना यूएसबीचं तोंड असतं आणि खुल्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग त्या पेन ड्राइव्हवर कुलपाशिवाय उतरवतात. ते संगणकावर घेता येतं, नातेवाइकाला देता येतं, दहा वर्षांनी बघता येतं. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून मोठा कार्यक्रम तुकड्यांत उतरतो, एवढं ध्यानात ठेवायचं. सह्याद्री वाहिनीपुरतं तरी शेतकऱ्याच्या हाती खरोखर त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग राहतं.

मालिकांपुरता प्रश्न आता मोबाइलने निम्मा सोडवला आहे. 2016 मध्ये जिओ आलं, 2018 मध्ये झी5 आलं, आणि चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी पॅकहाउसच्या सावलीत, डब्याबरोबर बघितला जाऊ लागला. रेंज जिथे धड आहे, त्या घराने केवळ मालिकांसाठी हार्ड डिस्कवाल्या पेटीवर खर्च करायची गरज राहिलेली नाही. पण मोबाइलवर एकटीने बघणं आणि जेवणं आटोपल्यावर सासू-सुनांनी, जावांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघणं यांत फरक आहे. शिवाय अॅपवरची मालिका कंपनीला वाटेल तेव्हा काढली जाते. ज्या वाडीवर रेंज डोंगराआड जाते, जिथे वयस्कर माणसांना अॅप जमत नाही, तिथे पेटी आजही हवी, आणि जी घ्याल ती दोन ट्यूनरची, दोन वायरींची, इन्व्हर्टरवर घेतलेली हवी. सोबत खुल्या वाहिन्यांसाठी एक स्वस्त यूएसबीवाली पेटी आणि चांगला पेन ड्राइव्ह ठेवला, तर दोन्ही कामं होतात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 11 एप्रिल 2020 रोजी एक शिफारस केली होती: सेट टॉप बॉक्स असा असावा की ग्राहकाने कंपनी बदलली तरी पेटी तीच चालावी. ही शिफारस फार रास्त आहे. तिच्या जोडीला आणखी एक मागणी प्रेक्षकांनी लावून धरायला हवी. आपल्या पैशाच्या डिस्कवर, आपल्या विजेवर, कायद्याने दिलेल्या मुभेत टिपलेलं रेकॉर्डिंग पेटी बदलल्यावरही उघडलं पाहिजे. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा मुद्दा उचलला, तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल तो वेळेवर टीव्हीसमोर बसणं ज्यांना कधीच शक्य नसतं अशा घरांना, आणि दिंडोरी तालुक्यात अशी घरं वाडीवाडीवर आहेत.